सहाव्या जागेवरचं अमिनो आम्ल: सिकलसेलमधून आनुवंशिकता, उत्क्रांती, समस्थिती आणि रोग

माणसाच्या ११व्या गुणसूत्रावर बीटा-ग्लोबिनचं जनुक असतं. हिमोग्लोबिनचा निम्मा भाग कसा बांधायचा, याची माहिती त्यात असते. या जनुकात सुरुवातीलाच एका ठिकाणी डीएनएची जी-ए-जी अशी तीन अक्षरं येतात. काही माणसांमध्ये तिथे जी-टी-जी असतं. फरक एवढाच. सुमारे ३०० कोटी अक्षरांमधलं एक अक्षर वेगळं, आणि त्यातून सिकलसेलचा आजार उभा राहतो.

जीवशास्त्राच्या पुस्तकात आनुवंशिकता, उत्क्रांती, समस्थिती (शरीराने आतला तोल सांभाळणं) आणि रोग ही प्रकरणं वेगवेगळी छापलेली असतात. शिकवायला ते सोयीचं आहे, पण मुलं ती वेगवेगळी पाठ करतात आणि त्यांच्यातला धागा हातातून निसटतो. सिकलसेलमध्ये तो धागा स्पष्ट दिसतो. एखादं जनुक चांगलं की वाईट, हे नुसत्या जनुकाकडे बघून सांगताच येत नाही, हेही त्यातून कळतं. सोबतची दुसरी प्रत कोणती आहे, पेशीत ऑक्सिजन आणि पाणी किती आहे, आसपासचे डास कोणता परजीवी वाहून नेत आहेत, यावर ते ठरतं.

एका अक्षराने नेमकं काय बदलतं

हिमोग्लोबिनचा एक रेणू चार साखळ्यांचा असतो: दोन अल्फा, दोन बीटा. अल्फा साखळीत १४१ अमिनो आम्लं असतात, बीटा साखळीत १४६. जी-ए-जी या अक्षरांचा अर्थ पेशी ‘ग्लुटामिक आम्ल जोडा’ असा घेते, जी-टी-जीचा अर्थ ‘व्हॅलिन जोडा’ असा. त्यामुळे सिकलसेलमध्ये बीटा साखळीच्या सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. बाकीची १४५ जशीच्या तशी.

ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो आणि ते पाण्यात सुखाने राहतं. व्हॅलिनवर भार नसतो, आणि तेल पाण्यापासून दूर राहतं तसं तेही पाण्यापासून दूर राहू बघतं. ही सहावी जागा रेणूच्या बाहेरच्या अंगाला आहे, म्हणजे सतत पाण्यात. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन धरलेला असतो तोवर फारसं काही बिघडत नाही. ऑक्सिजन सोडला की रेणूचा आकार थोडा बदलतो आणि शेजारच्या रेणूवर, पाण्याला नको असलेल्या अमिनो आम्लांची एक खोबण उघडी पडते. व्हॅलिन त्या खोबणीत नेमकं बसतं. एक रेणू दुसऱ्याला चिकटतो, दुसरा तिसऱ्याला, आणि बघता बघता पेशीत लांब, ताठ तंतू तयार होतात. एरवी गोल, दोन्ही बाजूंनी खोलगट आणि लवचीक असलेली लाल रक्तपेशी या तंतूंच्या रेट्याने विळ्यासारखी वाकते.

शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी १९१० मध्ये अशा पेशींचं पहिलं वर्णन प्रसिद्ध केलं. ग्रेनाडाहून शिकायला आलेल्या एका दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या रक्तात त्या दिसल्या होत्या. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. रोगाचं मूळ एका रेणूपर्यंत नेऊन दाखवण्याची ती पहिलीच वेळ. नेमकं कोणतं अमिनो आम्ल बदललं, हे व्हर्नन इन्ग्रम यांनी केंब्रिजमध्ये १९५६-५७ मध्ये शोधलं.

हे तंतू लगेच तयार होत नाहीत, ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडणार आहे. ऑक्सिजन सोडल्यापासून तंतू वाढू लागेपर्यंत थोडा वेळ जातो. तेवढ्यात पेशी केशवाहिनीतून बाहेर पडून फुप्फुसाकडे निघाली, तर ऑक्सिजन पुन्हा मिळतो आणि संकट टळतं. हा वेळ किती मिळेल, ते पेशीतल्या सदोष हिमोग्लोबिनच्या संहतीवर, म्हणजे ते किती दाट आहे यावर अवलंबून असतं, आणि अतिशय तीव्रपणे. संहती किंचित वाढली तरी वेळ खूप घटतो. संहती थोडी कमी झाली की तो भरपूर वाढतो.

प्रभावी की अप्रभावी?

प्रत्येक माणसात या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. बदललेल्या प्रतीला एस म्हणू. दोन्ही प्रती एस असतील तर सिकलसेलचा आजार होतो. एकच एस असेल तर ती व्यक्ती वाहक असते आणि सहसा निरोगी आयुष्य जगते. इथवर मेंडेलचं साधं गणित आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, मूल वाहक असण्याची ५० टक्के आणि दोन्ही प्रती नेहमीच्या असण्याची २५ टक्के.

‘प्रत्येक गरोदरपणात’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. चौघांपैकी एकाला आजार होणारच, असा या २५ टक्क्यांचा अर्थ अनेकजण लावतात. पहिल्या मुलाला आजार झाला, म्हणजे आता पुढची तीन सुटली, असं समजणारे आई-वडीलही असतात. तसं नसतं. प्रत्येक खेपेला शक्यता नव्याने २५ टक्केच असते. दोघे वाहक असलेल्या जोडप्याला चार मुलं झाली आणि एकालाही आजार नाही, असं घडण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के आहे.

आता एस ही प्रत प्रभावी की अप्रभावी? परीक्षेत ‘अप्रभावी’ लिहिलं की गुण मिळतात. पण हा प्रश्न इथे सोडून देऊ नये. आजार झाला की नाही एवढंच पाहिलं, तर एस अप्रभावी आहे, कारण एका प्रतीने आजार होत नाही. पॉलिंग यांनी केलं तसं हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात ठेवून वेगळं केलं, तर वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन दिसतं. ग्लुटामिक आम्लाचा भार गेल्यामुळे सदोष रेणूंचा वेग वेगळा पडतो. म्हणजे प्रथिनाच्या पातळीवर दोन्ही प्रती सहप्रभावी आहेत. वाहकाच्या रक्ताच्या थेंबातला ऑक्सिजन काढून घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्या पेशीही वाकलेल्या दिसतात. इथे एकच एस पुरेसा ठरतो, म्हणून या पातळीवर तो प्रभावी वागतो. जनुक तेच, उत्तरं तीन. प्रभावीपणा हा जनुकाला कायमचा चिकटलेला गुण नाही. आपण कोणत्या पातळीवर बघतो आहोत, त्याच्याशी तो बांधलेला आहे.

वाहकाच्या शरीरात त्याच्या पेशी का वाकत नाहीत, याचं उत्तर वर येऊन गेलं. वाहकाच्या पेशीत सदोष हिमोग्लोबिन निम्म्याहूनही कमी असतं. संहती कमी, म्हणून तंतू तयार व्हायला वेळ खूप लागतो, आणि तोवर पेशी फुप्फुसात पोहोचलेली असते. टोकाचे शारीरिक श्रम आणि शरीरातलं पाणी फार कमी होणं, हे दोन्ही एकत्र आलं तर मात्र वाहकालाही क्वचित गंभीर त्रास होऊ शकतो.

समस्थिती: सावरणारं शरीर आणि त्याची मर्यादा

निरोगी लाल रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. वाकणारी पेशी १० ते २० दिवसांत फुटते. रक्तात ऑक्सिजन कमी पोहोचतोय, हे मूत्रपिंडाच्या लक्षात येतं आणि ते एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं. ते अस्थिमज्जेला जास्त पेशी बनवायला लावतं. पेशी वाढल्या, ऑक्सिजन पुरला, की संप्रेरक कमी होतं. समस्थितीचं हे नेहमीचं उदाहरण. बिघाड मोजायचा, उलट दिशेने जोर लावायचा, बिघाड कमी झाला की जोरही कमी करायचा. याला ऋण प्रत्याभरण म्हणतात. ऑक्सिजनची कमतरता पेशींना कशी कळते, हे शोधल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेंझा यांना २०१९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

सिकलसेलच्या रुग्णात ही यंत्रणा बिघडलेली नसते. उलट ती पूर्ण ताकदीने चाललेली असते. अस्थिमज्जा नेहमीच्या कितीतरी पट वेगाने पेशी बनवत असते, आणि तरीही हिमोग्लोबिन बऱ्याचदा १०० मिलिलिटर रक्तात ६ ते ९ ग्रॅमच्या आसपासच राहतं. रुग्ण चालतो, बोलतो, शाळेत जातो, म्हणून शरीराने जमवून घेतलं असं आपल्याला वाटतं. जमवून घेतलेलं असतंच, पण राखीव काहीच उरलेलं नसतं.

पार्व्होव्हायरस बी१९ हा विषाणू हे उघड करतो. लहान मुलांमध्ये तो सर्रास आढळतो. लाल पेशी तयार करणाऱ्या मज्जेतल्या पेशींवर तो हल्ला करतो आणि सुमारे आठवडा-दहा दिवस नव्या लाल पेशी बनणं थांबतं. ज्याची पेशी १२० दिवस जगते, त्याच्या रक्तात एवढ्या काळात फार तर काही टक्के घट होते, आणि ती लक्षातही येत नाही. ज्याची पेशी १० ते २० दिवसच जगते, त्याचं हिमोग्लोबिन त्याच काळात जीवघेण्या पातळीपर्यंत घसरू शकतं आणि तातडीने रक्त द्यावं लागतं. विषाणू एकच, मज्जेवरचा परिणाम एकच. फरक पडतो तो समस्थिती आधीपासून किती ताणलेली आहे यामुळे. समस्थिती म्हणजे ‘सगळं स्थिर ठेवणं’ एवढंच शिकवलं तर हा अर्धा भाग सुटतो.

आता उलटी बाजू. पेशी वाकल्या की त्या बारीक वाहिन्यांत अडकतात. अडकल्या की पुढच्या ऊतींना ऑक्सिजन कमी मिळतो आणि तिथली आम्लता वाढते. आम्लता वाढली की हिमोग्लोबिन आणखी ऑक्सिजन सोडतं. ऑक्सिजन सुटला की आणखी पेशी वाकतात. इथे बिघाडच बिघाड वाढवतो. हे धन प्रत्याभरण. रुग्णाला हाडांत, छातीत, पोटात ज्या असह्य वेदना होतात, त्यांच्यामागे हे चक्र असतं.

मूत्रपिंडात तर हे चक्र फारच क्रूरपणे लागू होतं. मूत्र घट्ट करून पाणी वाचवायचं, तर मूत्रपिंडाचा आतला भाग खारट ठेवावा लागतो. तिथे ऑक्सिजनही मुळातच कमी असतो. खारटपणामुळे लाल पेशीतून पाणी बाहेर ओढलं जातं आणि आतल्या हिमोग्लोबिनची संहती वाढते. म्हणजे तंतू तयार व्हायला लागणाऱ्या सगळ्या गोष्टी एकाच जागी. तिथल्या वाहिन्या हळूहळू नासतात आणि मूत्र घट्ट करण्याची क्षमता बालपणातच कमी होते. मग लघवीवाटे पाणी जास्त जातं, शरीर लवकर कोरडं पडतं, रक्तपेशींतलं पाणी आणखी घटतं आणि पेशी आणखी सहज वाकतात. पाणी सांभाळणारा अवयवच पाणी घालवू लागतो. सिकलसेलच्या मुलाला ‘भरपूर पाणी पी’ हे वारंवार सांगतात, आणि तो साधा घरगुती सल्ला वाटतो. त्यामागे एवढं सगळं आहे. अशा मुलाला वर्गात मधूनमधून पाणी प्यायला आणि लघवीला जाऊ देणं हा त्याच्या उपचाराचाच भाग आहे, आणि हे प्रत्येक शिक्षकाला माहीत असायला हवं.

प्लीहेचंही असंच. अडकलेल्या पेशींमुळे ती वारंवार जखमी होते आणि साधारण पाचव्या वर्षापर्यंत बहुतेक रुग्ण मुलांमध्ये निकामी होते. न्यूमोकोकससारखे जिवाणू रक्तातून गाळून काढायचं काम प्लीहा करते. ती गेली की साधा वाटणारा ताप काही तासांत जीव घेऊ शकतो. म्हणून लहानपणी रोज पेनिसिलिन देतात. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत त्यामुळे या जिवाणूचे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाले. जनुकात काहीच न बदलता, जुन्या आणि स्वस्त औषधाने केवढे जीव वाचतात. आजार आनुवंशिक आहे म्हणजे हातात काही नाही, असं म्हणणाऱ्यांना हे आवर्जून सांगावं.

इतकी घातक प्रत टिकली कशी?

दोन एस असलेली मुलं उपचारांआधीच्या काळात बहुधा लहानपणीच दगावत. मग नैसर्गिक निवडीने एस केव्हाच संपवायला हवा होता. पण आफ्रिकेच्या मोठ्या भागात, अरबस्तानात आणि भारताच्या काही भागांत तो भरपूर आढळतो. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या निरीक्षणांवरून कारण दाखवलं: एस जास्त आहे तिथे मलेरियाही जास्त होता. फाल्सिपॅरम या परजीवीमुळे होणाऱ्या मलेरियाच्या गंभीर स्वरूपापासून वाहकांना सुमारे ९० टक्के संरक्षण मिळतं. परजीवी शिरलेली वाहकाची पेशी लवकर वाकते आणि प्लीहा ती काढून टाकते. कमी ऑक्सिजनच्या जागी परजीवीची वाढही खुंटते.

थोडं गणित करू. १०० माणसं घ्या, म्हणजे जनुकाच्या २०० प्रती. समजा त्यातल्या २० एस आहेत. प्रती यदृच्छेने जोडल्या गेल्या तर ८१ जणांकडे दोन्ही नेहमीच्या प्रती, १८ जण वाहक आणि एकाकडे दोन्ही एस. आता समजा दोन एसवाला मूल होण्याच्या वयापर्यंत जगत नाही. त्याच्यासोबत २० पैकी २ एस प्रती जातात, म्हणजे १० टक्के. आणि समजा दोन्ही नेहमीच्या प्रती असलेल्यांपैकी ११ टक्के, म्हणजे सुमारे ९ जण मलेरियाने जातात, वाहक मात्र वाचतात. त्या ९ जणांसोबत १८० पैकी १८ नेहमीच्या प्रती जातात. म्हणजे पुन्हा १० टक्केच. दोन्ही प्रकारच्या प्रती सारख्याच प्रमाणात घटल्या, त्यामुळे पुढच्या पिढीत एसचं प्रमाण होतं तेवढंच राहतं. आकडे मी सोयीसाठी घेतलेत, पण एस संपतही नाही आणि सगळीकडे पसरतही नाही, याचं कारण हेच आहे. याला संतुलित निवड म्हणतात.

या जागी दोन गैरसमज फार होतात. पहिला, मलेरियाशी लढण्यासाठी हे उत्परिवर्तन घडलं. उत्परिवर्तन कशासाठी घडत नसतं. डीएनएची प्रत काढताना चूक झाली, आणि मलेरिया असलेल्या जागी तिचा फायदा झाला म्हणून ती टिकली. दुसरा, सिकलसेलचा आजार असलेल्यांना मलेरियाची भीती नाही. हा गैरसमज धोकादायक आहे. फायदा वाहकांना होतो. आजार असलेल्या मुलाला मलेरिया झाला तर तो अधिकच जीवघेणा ठरतो.

निवड हाताशी आलेल्या बदलांवरच काम करते, हे इतर उदाहरणांतूनही दिसतं. पश्चिम आफ्रिकेत त्याच सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन असलेलं हिमोग्लोबिन सी आढळतं. आग्नेय आशियात २६व्या जागेवर बदल असलेलं हिमोग्लोबिन ई आहे. थॅलेसेमिया आणि जी६पीडी या विकराची कमतरता हे लाल रक्तपेशींचे आनुवंशिक दोषही मलेरियाच्याच प्रदेशांत वाढले. प्रश्न एकच, उत्तरं जागोजागी वेगळी, आणि जवळपास प्रत्येकाची काही ना काही किंमत.

मलेरिया संपला की एस पटकन नाहीसा होईल का? नाही. समजा १०० प्रतींमागे एसच्या ५ प्रती उरल्या. त्यातल्या ९५ टक्के प्रती वाहकांमध्ये असतात, आणि तिथे त्यांना निवडीचा हात लागत नाही. प्रमाण जितकं घटेल तितकी घट आणखी संथ होत जाते. म्हणून आजच्या मुलांना होणारा हा आजार त्यांच्या पूर्वजांनी कित्येक पिढ्यांपूर्वी सोसलेल्या मलेरियाशी जोडलेला आहे.

उपचाराची वाट नवजात बाळाने दाखवली

दोन एस असलेलं बाळ जन्मल्यावर काही महिने ठीक असतं. गर्भात बीटा साखळीऐवजी गॅमा साखळी वापरली जाते, आणि असं गर्भीय हिमोग्लोबिन त्या तंतूंमध्ये सामील होत नाही. सहा महिन्यांच्या आसपास गॅमा मागे पडून बीटा पुढे येते आणि त्रास सुरू होतो. काही माणसांमध्ये जन्मजात फरकामुळे गॅमा साखळी मोठेपणीही भरपूर बनत राहते. अशा व्यक्तीकडे दोन एस असले तरी आजार सौम्य राहतो.

हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भीय हिमोग्लोबिन वाढवतं. अमेरिकेत १९९८ मध्ये त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली. त्यापुढचं पाऊल म्हणजे जनुकसंपादन. बीसीएल११ए नावाचं जनुक मोठेपणी गॅमा साखळी दाबून ठेवतं. रुग्णाच्याच मज्जेतल्या मूळपेशी काढून, क्रिस्पर या जनुक कापणाऱ्या साधनाने त्या जनुकाचा रक्तपेशींपुरता नियंत्रक भाग तोडून, त्या पेशी परत शरीरात सोडायच्या, ही कॅसजेव्ही उपचारामागची कल्पना. ब्रिटनने त्याला नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली आणि अमेरिकेने डिसेंबरमध्ये. त्याआधी तीव्र औषधांनी जुनी मज्जा मोकळी करावी लागते. उपचार अतिशय महाग आहे, आणि जिथे रुग्ण सर्वांत जास्त तिथे तो पोहोचायला अजून फार अवकाश आहे.

या उपचारात ते एक अक्षर दुरुस्त होत नाही. जी-टी-जी तसंच राहतं, फक्त त्याचा परिणाम झाकला जातो. बदल मज्जेतल्या पेशींत होतो, बीजपेशींत नाही. त्यामुळे वेदना थांबलेल्या, बऱ्या झालेल्या माणसाकडूनही प्रत्येक मुलाला एसची एक प्रत मिळतेच. जोडीदाराच्या दोन्ही प्रती नेहमीच्या असतील तर मूल वाहक होतं. जोडीदार वाहक असेल तर प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता ५० टक्के. आपण वाहक आहोत की नाही, हे एका साध्या रक्ततपासणीत कळतं, आणि ही तपासणी मूल होऊ देण्याचा निर्णय घेण्याआधी दोघांनीही करून घ्यायला हवी.